बारावीनंतर कोणते विद्यापीठ? : वडवणी परिसरातील विद्यार्थी व पालकांसाठी एक विचार

जून महिना उजाडला की महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर गर्दी होते. गुणपत्रिकेच्या झेरॉक्स प्रती, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि छायाचित्रे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पालक रांगेत उभे असतात. अशाच एका सकाळी धोतर-टोपीतले एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. बरोबर मुलगी होती. ते म्हणाले, "सर, पोरीला बारावीला बरे मार्क पडलेत. आता कोणतं विद्यापीठ चांगलं, तेवढं सांगा. आमच्याच्यानं पैसा एकदाच घालणं होईल. चुकला तर पुन्हा नाही."

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर मला उभ्या उभ्या देता आले नाही. विद्यापीठाचे नाव सांगणे सोपे होते; परंतु त्या नावाने त्यांच्या मुलीच्या पुढील आयुष्याचे काय होणार, हे नावावरून सांगता येण्यासारखे नव्हते. त्या दिवशी जे नीट सांगता आले नाही ते प्रस्तुत लेखात क्रमाने मांडण्याचा प्रयत्न केला आहे. लेख मुख्यतः वडवणी तालुक्यातील बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी आहे. तथापि अकरावीत असलेल्यांनी तो आधी वाचावा. त्याचे कारण पुढे येईलच.

१. विद्यापीठ कोण निवडतो?

आपल्याकडे सर्वसाधारण समजूत अशी की, बाजारात जशी वस्तू निवडावी तसे विद्यापीठ निवडता येते. मोठ्या शहरातील सधन विद्यार्थ्याच्या बाबतीत हे काही अंशी खरे असेल. आपल्या भागात मात्र विद्यापीठाची निवड बहुतेक वेळा विद्यार्थ्याने करण्यापूर्वीच झालेली असते.

महाराष्ट्रात सार्वजनिक विद्यापीठांना कार्यक्षेत्र ठरवून दिलेले आहे. बीड जिल्हा हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि धाराशिव हे त्याच विद्यापीठाचे इतर जिल्हे. म्हणून कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेची पदवी घ्यायची असेल तर वडवणीत शिका, माजलगावात शिका, बीडला शिका की अंबाजोगाईला शिका, पदवी प्रमाणपत्रावर नाव त्याच विद्यापीठाचे येणार. अभ्यासक्रमाची चौकट तीच आणि विद्यापीठाची परीक्षाही तीच.

दुसरा नियम विषयाचा आहे. काही विषय घेतले की विद्यापीठ आपोआप बदलते. कृषी पदवी घ्यायची तर परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. ते १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले आणि त्याचे एक कृषी महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाई येथे आहे. वैद्यकीय, परिचारिका व अन्य आरोग्य शिक्षणाच्या पदव्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. ते १९९८ मध्ये स्थापन झाले. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चे. ते आपल्या जिल्ह्यात असले तरी त्याची पदवी आज नाशिकच्या विद्यापीठाची असते. अभियांत्रिकीची अनेक महाविद्यालये रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत. आणि घर किंवा काम सोडता येत नसेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. त्याचेही मुख्यालय नाशिकलाच असून स्थापना १ जुलै १९८९ ची आहे.

म्हणजे एकाच बीड जिल्ह्यात बसून विद्यार्थी पाच विद्यापीठांपैकी कोणत्याही एकाचा विद्यार्थी होऊ शकतो. आणि ते ठरते जिल्ह्याच्या नकाशावरून व घेतलेल्या विषयावरून. मग आपल्या हातात काय राहते? आपल्या हातात राहते ते महाविद्यालय, विषयांचा गट आणि आपला वेळ. पालकांनी चौकशी करायची ती या तीन गोष्टींची. या तिन्हींचा विचार न करता नुसते विद्यापीठाचे नाव विचारणे म्हणजे विहिरीला पाणी किती हे न पाहता तिच्या कठड्याचा रंग विचारण्यासारखे आहे.

२. विद्यापीठ जवळ आले ते कसे?

आज बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पदवी घेता येते, ही गोष्ट आपल्याला हवा-पाण्यासारखी वाटते. पण ती फार जुनी नाही. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील विद्यार्थ्याला पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाई आणि ज्याच्या बापाला हैदराबादचे भाडे परवडत नसे, त्याच्यासाठी उच्च शिक्षणाचा दरवाजा असून नसल्यासारखाच होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. मुंबईत महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेने औरंगाबादसारखे मागास भागातील शहर निवडले, यातच शिक्षण विद्यार्थ्याच्या जवळ गेले पाहिजे हा विचार होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ मध्ये न्यायमूर्ती पळणीटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. एस. आर. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू. प्रदीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि मराठवाड्याचे कार्यक्षेत्र दोन विद्यापीठांत विभागले गेले.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन इतकेच की, "जवळचे विद्यापीठ" ही काही कमी प्रतीची वस्तू नव्हे. ते मिळावे म्हणून मागील पिढ्यांनी मागणी केली, खस्ता खाल्ल्या. जवळचे आहे म्हणून ते वाईट, आणि पुण्या-मुंबईचे आहे म्हणून ते चांगले, असा निवाडा करणे योग्य नाही. तद्वतच जवळ आहे एवढ्याच कारणाने ते चांगले, असेही समजू नये. पाहूनच ठरवले पाहिजे.

३. कामाची तयारी म्हणजे नेमके काय?

"शिक्षण पोटाला उपयोगी पडत नाही" ही तक्रार आजची नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी त्या काळच्या शिक्षणाच्या व्यावहारिक उणिवांकडे लक्ष वेधले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' ही पद्धत रूढ केली. गांधीजींची नई तालीम १९३७ ची. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तोच धागा पुढे नेला आहे. विचार जुना आहे. अंमलबजावणीत तो दर वेळी पातळ होत गेला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. कामाची तयारी म्हणजे एखाद्या यंत्राची तयारी असे समजले, तर फसगत होते. टंकलेखनाचे उदाहरण घ्या. एके काळी तालुक्याच्या प्रत्येक गावी टंकलेखनाचा वर्ग असे. तीस शब्द, चाळीस शब्द अशा परीक्षा देऊन मुले कचेरीत चिकटत. पुढे संगणक आला, टंकलेखन यंत्रे अडगळीत गेली आणि परीक्षाही संगणकावर होऊ लागल्या. ज्याला केवळ बोटे चालवता येत होती तो मागे पडला. ज्याला शुद्ध मराठी लिहिता येत होते, कचेरीचा पत्रव्यवहार समजत होता आणि तक्ता मांडता येत होता, तो थोड्या दिवसांत संगणकावरही बसला. आता पत्राचा मसुदा आणि भाषांतर करणारी संगणकीय साधने आली आहेत. पुन्हा तोच प्रश्न उभा आहे: यंत्राने लिहिलेल्या मसुद्यात चूक कोठे आहे हे ज्याला कळेल त्याला काम राहील, ज्याला कळणार नाही त्याचे काम यंत्र करील.

यावरून कामाच्या तयारीची तीन अंगे सांगता येतील. पहिले, एक विषय मुळापासून येणे. दुसरे, हाताला एक तरी कसब असणे. मग ते संगणकीय हिशेब असो, जमीन मोजणी असो, रुग्णसेवा असो की भाषांतर असो. तिसरे, वाचून, विचारून, तपासून नवीन गोष्ट स्वतः शिकण्याची सवय. जे महाविद्यालय या तिन्ही गोष्टींना वाव देते ते कामाची तयारी करून देते. जे केवळ परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जागे होते ते देत नाही. मग त्याची इमारत कितीही भव्य असो.

४. नवी रचना आणि तिचा उपयोग

संलग्न महाविद्यालयांतून २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून पदवीची नवी रचना लागू झाली. पालकांना तिची थोडक्यात ओळख असणे जरूर आहे. तीन वर्षांत पदवी, चौथे वर्ष पूर्ण केल्यास ऑनर्स पदवी. शिक्षण श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये, मोजले जाते. सर्वसाधारणपणे वर्गातील १५ तासांच्या अध्यापनास एक श्रेयांक. प्रात्यक्षिकास त्याच्या दुप्पट तास. एका सत्राला साधारण २२ श्रेयांक.

विषयांची विभागणीही बदलली आहे. एक मुख्य विषय, एक दुय्यम विषय, दुसऱ्या शाखेतील एखादा खुला विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भाषा, आणि प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण अथवा क्षेत्रीय प्रकल्प अशी ही मांडणी आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यास ती विशेष उपयोगी पडावी. भूगोल मुख्य घेऊन सर्वेक्षण व नकाशाचे कौशल्य. अर्थशास्त्र मुख्य घेऊन संगणकीय लेखापालन. मराठी मुख्य घेऊन मुद्रितशोधन व भाषांतर. लोकप्रशासन घेऊन ग्रामपंचायतीच्या दप्तराचा अभ्यास, अशा जोड्या लावता येतील. मात्र कागदावर शक्य असलेली प्रत्येक जोडी प्रत्येक महाविद्यालयात मिळत नाही. जेथे एखाद्या विषयाला शिक्षकच नाही तेथे तो विषय यादीत असूनही नसल्यासारखा. म्हणून "कोणते विषय आहेत?" असे न विचारता "गेल्या वर्षी कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले गेले?" असे विचारावे.

मध्येच शिक्षण सोडावे लागल्यास काय, याचीही सोय या रचनेत आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी कौशल्याचे जादा श्रेयांक पूर्ण करावे लागतात. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करता येते. मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे श्रेयांक पेढीत जमा राहतात. ही सोय चांगली आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्यसेवा परीक्षेस पदवी लागते. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर तिचा अर्ज भरता येत नाही. बाहेर पडण्याचे दार उघडे आहे म्हणून बाहेर पडावे, असे मुळीच नाही.

५. प्रवेशापूर्वी विचारावयाचे पाच प्रश्न

प्रवेश घेण्यापूर्वी पालक व विद्यार्थी या दोघांनी मिळून महाविद्यालयात एक फेरी मारावी. शक्यतो ती प्रवेशाच्या गर्दीत मारू नये. सत्र चालू असताना, एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी मारावी. त्या वेळी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

(१) मान्यता कोणाची? महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, आणि आपल्याला हवा तो अभ्यासक्रम संलग्न आहे काय, हे दोन्ही विचारावे. महाविद्यालयास मान्यता असते, पण नव्याने काढलेल्या तुकडीस नसते, असे घडू शकते. औषधनिर्माण, परिचारिका, विधी, शिक्षणशास्त्र अशा अभ्यासक्रमांना विद्यापीठाखेरीज आपापल्या परिषदेची मान्यता लागते. नॅकची श्रेणी असेल तर ती किती सालापर्यंत आहे ते पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. दूरच्या एखाद्या विद्यापीठाची पदवी "घरबसल्या" देऊ करणारा एजंट भेटला तर आधी ती यादी पाहावी.

(२) शिकवतो कोण? आपल्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती, आणि वर्ग रोज भरतात काय? तासिका तत्त्वावरील शिक्षक कमी प्रतीचे असतात असे मला म्हणायचे नाही. त्यांतील कित्येक उत्तम शिकवतात. परंतु जेथे अर्धे सत्र संपेपर्यंत शिक्षकाची नेमणूकच होत नाही, तेथे विद्यार्थ्याचे नुकसान होते. वर्गखोलीच्या खिडकीतून एकदा आत पाहावे. अकरा वाजता वर्गात मुले असतील तर पुष्कळसे उत्तर तेथेच मिळते.

(३) काम कोठे शिकवतात? प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणासाठी गेल्या वर्षीच्या मुलांना कोठे पाठवले होते, हे विचारावे. वडवणीसारख्या गावात कारखान्यांची रांग नाही, हे खरे. पण बँक आहे, पतसंस्था आहे, ग्रामपंचायत, पंचायत समिती, तहसील, आरोग्य केंद्र आहे, दूध संकलन आहे, आडत आहे, शेतीच्या औषधांची दुकाने आहेत. तेलगावकडे साखर कारखाना आहे. उपळीजवळ कुंडलिकेचा प्रकल्प आहे, त्याच्या पाणीवाटपाचा अभ्यास करता येतो. विद्यार्थ्याने तीन आठवडे खरोखर तेथे बसून काम केले, की घरी बसून शिक्का मारलेला कागद आणला? ही माहिती मागील वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना भेटून मिळते.

(४) एकूण खर्च किती? फी हा खर्चाचा एक भाग झाला. परीक्षा शुल्क, पुस्तके, एस.टी.चा पास, खोलीभाडे, खानावळ, इंटरनेट हे सर्व मांडून तीन वर्षांची बेरीज करावी. मग सवलती वजा कराव्यात. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजना यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली. या सवलतीसाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. शिष्यवृत्तीची रक्कम पुष्कळदा उशिरा हाती येते. म्हणून पहिल्या सहा महिन्यांची सोय आधीच करून ठेवावी.

(५) अडचण आली तर? वसतिगृह आहे काय? आजारपणात परीक्षा हुकली तर पुन्हा केव्हा? मुलींसाठी स्वच्छतागृह आणि सुरक्षित खोली आहे काय? तक्रार कोणाकडे करायची? हे प्रश्न विचारताना संकोच वाटतो. पण शिक्षण सुटते ते बहुधा अशाच लहान कारणांनी.

६. तासांचा हिशेब

आपल्या भागात फीचा हिशेब सारे करतात, तासांचा कोणी करीत नाही. तो करून पाहू.

समजा, एखादी मुलगी गावाहून फाट्यापर्यंत चालत येते, एस.टी.ची वाट पाहते, महाविद्यालयात जाते आणि तसेच परत येते. या सर्वांत रोज अडीच तास जातात. वर्षातून २०० दिवस ती गेली तर ५०० तास प्रवासात गेले. आता शिकवण्याचे तास मोजा. वर्षाचे ४४ श्रेयांक, प्रत्येकी १५ तास, म्हणजे ६६० तास. याचा अर्थ असा की, वर्गात जेवढा वेळ शिकायचे त्याच्या तीन-चतुर्थांश वेळ तिने रस्त्यावर घालवला. घरी आल्यावर चूल, पाणी, भावंडे आहेतच.

या हिशेबातून कोणताही एकच निष्कर्ष निघत नाही. दूरच्या महाविद्यालयात शिक्षक चांगले असतील आणि वसतिगृह मिळत असेल, तर तेथे राहून शिकणे स्वस्त पडेल. वसतिगृह नसेल, तर जवळचे साधे महाविद्यालय आणि वाचलेल्या तासांत ग्रंथालय व एखादे कसब, ही जोडी अधिक लाभदायक ठरेल. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी प्रवासाचे तास वाचवतो. पण त्याला स्वतःच्या शिस्तीने अभ्यास करावा लागतो, आणि ती शिस्त अठराव्या वर्षी सर्वांच्या अंगी असतेच असे नाही. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब स्वतः मांडावा.

७. हंगाम आणि शिक्षण

वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी या तालुक्यांतून दर वर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात आणि गाव अर्धे रिकामे होते ते थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. महाविद्यालयाच्या दृष्टीने पाहिले तर पहिल्या सत्राची परीक्षा आणि जवळजवळ संपूर्ण दुसरे सत्र याच काळात येते. ज्याच्या घरी कोयता आहे त्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या नावापेक्षा या वेळापत्रकाचा प्रश्न मोठा असतो.

मुलाला थोरल्या भावाच्या जागी कोयत्यावर जावे लागते. मुलीच्या बाबतीत अडचण आणखी निराळी असते. आईबाप सहा महिने बाहेर. घरी म्हातारी आजी. "पोरगी एकटी कशी ठेवायची?" या काळजीतून पुष्कळ लग्ने वेळेआधी उरकली जातात. येथे वसतिगृह ही सोयीची बाब राहत नाही. शिक्षण चालू राहणार की थांबणार हे त्यावरच ठरते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली आहे. समाजकल्याण विभागाची वसतिगृहे आहेत. अशा घरातील विद्यार्थ्याने महाविद्यालय ठरवण्यापूर्वी वसतिगृह ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रम उलटा वाटेल, पण शिक्षण पुरे होण्याच्या दृष्टीने तोच सुलटा आहे.

८. निवड केव्हा सुरू करावी?

बारावीचा निकाल लागल्यावर निवड सुरू करणारा विद्यार्थी पुष्कळ ठिकाणी उशिरा आलेला असतो. कृषी, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, परिचारिका, पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम यांच्या सामायिक प्रवेश परीक्षांचे अर्ज निकालाच्या किती तरी आधी भरून घेतात. कला शाखेतून बारावी झालेल्यास कृषी पदवीला जाता येत नाही. ती वाट अकरावीलाच बंद झालेली असते. विधीची वाट मात्र कला शाखेला खुली असते, पण परीक्षेचा अर्ज वेळेत भरला तर. राखीव जागांसाठी लागणारे जातवैधता प्रमाणपत्र मिळण्यास वेळ लागतो; त्याची फाईल बारावीच्या आरंभीच दाखल केलेली बरी. यासाठीच हा लेख अकरावीच्या विद्यार्थ्यांनी आधी वाचावा, असे सुरुवातीस म्हटले.

समारोप

१९९५ मध्ये मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या लोहमार्गावर १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडपर्यंत गाडी आली. याच मार्गावर वडवणीचेही नाव आहे. अंतरे कमी होतील, कामे बदलतील, अभ्यासक्रम पुन्हा बदलतील. ज्याने विषय नीट शिकला, हाताला कसब लावून घेतले आणि विचारून-तपासून पाहण्याची सवय केली, त्याला हे बदल पेलतील.

आरंभी ज्या गृहस्थांचा उल्लेख केला त्यांना मी त्या दिवशी एका कागदावर वरचे पाच प्रश्न लिहून दिले. त्यांनी कागद मुलीच्या हाती दिला. तिने तो वाचला आणि थोडे थांबून विचारले, "सर, हे प्रश्न तुमच्या कॉलेजात पण विचारायचे का?"

मी म्हणालो, "पहिल्यांदा इथेच विचार."

तिने विचारले. मुख्य विषयाला शिक्षक किती, हे मी सांगितले. कामावरील प्रशिक्षणाला मुले कोठे जातात, हेही सांगितले. वसतिगृहाच्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते, तेही सांगितले. "मग आम्ही बीड-अंबाजोगाईलाही पाहून येतो," असे म्हणून बापलेक निघाले. प्रवेशाची मुदत संपायला अजून आठ दिवस होते. आमच्या यादीत एक नाव कमी पडण्याचा संभव होता; पण शिक्षक या नात्याने मला त्याचे वाईट वाटले नाही. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही असेच प्रश्न विचारा आणि उत्तर देताना आम्ही अडखळलो तर तेही लक्षात ठेवा. विद्यार्थी विचारू लागले तर महाविद्यालयांनाही उत्तरे तयार ठेवावी लागतील आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या तुमच्या धाकट्या भावंडांना त्याचा लाभ होईल.